पीएलजीए

पीएलजीए, म्हणजेच पॉलिलॅक्टिक-को-ग्लायकोलिक आम्ल, हे लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकोलिक आम्ल या दोन लहान कार्बनी आम्लांच्या घटकांनी बनलेले कृत्रिम व जैवविघटनशील सहबहुवारिक आहे. शरीरातील पाण्याच्या संपर्कात त्याच्या लांब साखळ्या हळूहळू तुटतात आणि शेवटी उरणारी आम्ले चयापचयाच्या नेहमीच्या मार्गांनी शरीराबाहेर पडतात. त्यामुळे या पदार्थाची वस्तू शरीरात ठेवल्यास काम झाल्यावर ती काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागत नाही. शस्त्रक्रियेतील टाके, महिन्याला एकदा टोचायची औषधे, डोळ्यात ठेवायच्या औषधी कांड्या आणि ऊतींच्या वाढीसाठीचे सच्छिद्र सांगाडे अशा अनेक ठिकाणी त्याचा वापर होतो. औषध वितरणासाठी वापरल्या जाणाऱ्या जैवविघटनशील बहुवारिकांपैकी सर्वाधिक अभ्यास याच बहुवारिकाचा झाला आहे.

हे बहुवारिक किती काळात नाहीसे व्हावे हे त्याची घडण करतानाच बऱ्याच अंशी ठरवता येते. औषध किती दिवस पुरेल हे याच गुणधर्मावर अवलंबून असते. मात्र ज्या अभिक्रियेने ते नाहीसे होते तिच्यातूनच आम्ल निर्माण होते आणि पीएलजीएच्या बहुतेक मर्यादांचे मूळ या आम्लात आहे.

संज्ञा

‘जैवविघटनशील’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो आणि त्यामुळे गैरसमज होतात. पर्यावरणाच्या संदर्भात त्याचा अर्थ जमिनीतील किंवा खतातील सूक्ष्मजीवांनी पदार्थ फस्त करणे असा असतो. वैद्यकात हा शब्द शरीरातील पाण्याने किंवा विकरांनी (एंझाइमांनी) पदार्थाचे लहान रेणू होणे आणि ते शरीराबाहेर जाणे यासाठी वापरतात. पहिल्या अर्थाने जो पदार्थ सावकाश विघटित होतो तो दुसऱ्या अर्थाने उपयुक्त असू शकतो. पॉलिलॅक्टिक आम्लाचा पेला थंड, कोरड्या कचऱ्यात वर्षानुवर्षे तसाच राहतो, कारण तेथे पुरेशी उष्णता व ओलावा नसतो. त्याच पदार्थाचा स्क्रू ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या ओल्या शरीरात काही वर्षांत संपतो.

‘विरघळणारा टाका’ हा रूढ शब्दप्रयोगही काटेकोरपणे बरोबर नाही. मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्याचे रासायनिक बंध पाण्याशी अभिक्रिया होऊन तुटत नाहीत. पीएलजीए मात्र मुळात पाण्यात अविद्राव्य असते. आधी त्याची साखळी तुटते आणि तुकडे पुरेसे लहान झाल्यावरच ते विरघळतात.

रचना आणि निर्मिती

लॅक्टिक आम्ल हे दह्याला आंबटपणा देणारे आम्ल आहे. जोरकस श्रमाच्या वेळी स्नायूंतही ते लॅक्टेटच्या रूपात तयार होते. ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसात अल्प प्रमाणात आढळते. दोन्ही रेणूंत एक हायड्रॉक्सिल गट आणि एक कार्बोक्सिल गट असतो. एका रेणूचा हायड्रॉक्सिल गट दुसऱ्याच्या कार्बोक्सिल गटाशी जोडला गेला की एस्टर बंध तयार होतो आणि अशा हजारो बंधांची साखळी बनते. मात्र दोन आम्ले थेट एकत्र तापवल्यास आखूड साखळ्याच मिळतात. म्हणून प्रत्यक्षात लॅक्टाइड व ग्लायकोलाइड ही वलयी संयुगे घेऊन, बहुधा कथिलाच्या एका संयुगाच्या उत्प्रेरणाने, त्यांची वलये उघडली जातात. अशा रीतीने काही हजारांपासून लाखाहून अधिक डाल्टन रेणुभाराची बहुवारिके मिळतात.

दोन घटकांत फरक आहे तो एका मिथिल गटाचा. लॅक्टिक घटकावर तो असतो आणि पाण्याला दूर ठेवतो, तर ग्लायकोलिक घटकावर तो नसतो. साहजिकच ग्लायकोलिक घटक वाढवला की बहुवारिकात पाणी लवकर शिरते. तरीही निव्वळ पॉलिग्लायकोलिक आम्ल सर्वांत लवकर तुटत नाही. त्याच्या साखळ्या स्फटिकासारख्या घट्ट रचल्या जातात आणि पाण्याला आत वाट मिळत नाही. दोन्ही घटक निम्मे-निम्मे घेतले की ही रचना मोडते, म्हणून ५०:५० प्रमाणाचे पीएलजीए सर्वांत जलद, सुमारे एक-दोन महिन्यांत, विघटित होते. ७५:२५ प्रमाणास चार-पाच महिने लागतात, तर स्फटिकी पॉलि-एल-लॅक्टिक आम्ल दोन वर्षांहूनही अधिक काळ टिकते. रेणुभार वाढवणे आणि साखळीच्या टोकाचा मुक्त आम्लगट झाकून टाकणे हे विघटन लांबवण्याचे आणखी दोन उपाय आहेत.

शरीरातील विघटन

पीएलजीएची वस्तू शरीरात ठेवल्यावर पहिल्या काही दिवसांत बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. पाणी मात्र लवकरच संपूर्ण वस्तूभर पसरते. कोरड्या पीएलजीएचे काच-संक्रमण तापमान शरीराच्या तापमानापेक्षा अधिक असल्यामुळे ते कडक असते, परंतु आत शिरलेल्या पाण्याने हे तापमान खाली येते आणि पदार्थ मऊ होऊ लागतो. दरम्यान एस्टर बंध ठिकठिकाणी तुटत असतात. या अवस्थेत सरासरी रेणुभार घटतो, पण वजन जवळजवळ तेवढेच राहते. टाका दिसायला शाबूत असतो, पण त्याची ताकद कमी झालेली असते. तुकडे पाण्यात विरघळण्याइतके आखूड झाल्यावरच वजन घटू लागते आणि मग ते वेगाने घटते. विकरांचा या क्रियेत फारसा वाटा नसतो. त्यामुळे व्यक्तीगणिक वेगात पडणारा फरक बराच कमी राहतो.

शेवटी उरणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे पायरुव्हिक आम्ल होते आणि ते क्रेब्ज चक्रातून कार्बन डायऑक्साइड व पाण्याच्या रूपात बाहेर पडते. ग्लायकोलिक आम्लाचा काही भाग मूत्रावाटे जातो, तर काही भाग ग्लायसीन व सेरीन या अमिनो आम्लांच्या मार्गाने त्याच चक्रात पोहोचतो.

प्रत्येक एस्टर बंध तुटताना एक नवा कार्बोक्सिल गट मोकळा होतो, म्हणजे आम्लता वाढते. आम्ल हे एस्टर बंध तोडण्याचे उत्प्रेरक असल्याने विघटन स्वतःच स्वतःला वेग देते. पृष्ठभागाजवळचे आम्ल आजूबाजूच्या द्रवात निघून जाते, पण गाभ्यातील आम्ल अडकून पडते. त्यामुळे जाड वस्तू आतून आधी पोखरली जाते आणि बाहेरचे कवच मागे राहते. मिशेल व्हर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये केलेल्या अभ्यासांनी ही गोष्ट स्पष्ट केली. यातून सहजासहजी न पटणारा निष्कर्ष निघतो. त्याच पीएलजीएची जाड पट्टी पातळ पापुद्र्यापेक्षा लवकर विघटित होऊ शकते.

आम्लाचा त्रास केवळ वस्तूपुरता राहत नाही. हाडे जोडण्यासाठी पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या खिळ्या व स्क्रू वापरल्यावर काही रुग्णांत, अस्थिभंग भरून येत असतानाच, जखमेच्या जागी निर्जंतुक द्राव साचून तो त्वचेतून बाहेर येऊ लागला. फिनलंडमधील हेलसिंकी येथे अशा २,५२८ रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या व त्यांचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. पॉलिग्लायकोलिक आम्ल वापरलेल्या रुग्णांपैकी ५.३ टक्क्यांत ही प्रतिक्रिया आढळली आणि ती सरासरी ११ आठवड्यांनी दिसली. सावकाश विघटित होणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या बाबतीत हे प्रमाण ०.२ टक्के होते, पण प्रतिक्रिया दिसायला चार वर्षांहून अधिक काळ लागला. अंतिम उत्पादने निरुपद्रवी असली तरी ती एकाच वेळी, एकाच जागी, ऊतींना वाहून नेता येणार नाहीत इतकी झाली तर अपाय करतात, हे या नोंदींतून दिसून आले.

इतिहास

शरीरात जिरणारा धागा ही नवी कल्पना नव्हती. मेंढ्यांच्या व गुरांच्या आतड्यांपासून बनवलेला कॅटगट शस्त्रक्रियेत दीर्घकाळ वापरात होता. तो विकरांनी पचवला जात असल्याने किती दिवस टिकेल याचा भरवसा नसे आणि प्राणिज प्रथिन असल्याने जखमेभोवती दाहही होई.

वॉलेस कॅरोदर्स यांनी अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत १९३२ च्या सुमारास लॅक्टाइडसारख्या वलयी एस्टरांच्या बहुवारिकीकरणाचा अभ्यास केला होता. ओलाव्यात तुटणाऱ्या पॉलिएस्टरांचा धागा कापडासाठी निरुपयोगी होता. पुढे त्याच प्रयोगशाळेतून नायलॉन आले आणि ही पॉलिएस्टरे मागे पडली. तीन दशकांनी शल्यचिकित्सकांना त्यांचा हाच दोष हवाहवासा वाटला. १९६६ साली आर. के. कुलकर्णी व त्यांच्या अमेरिकी लष्करी वैद्यकीय संशोधनसंस्थेतील सहकाऱ्यांनी पॉलिलॅक्टिक आम्ल शस्त्रक्रियेतील रोपणासाठी वापरता येईल असे प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवले. १९७० च्या सुमारास ‘डेक्सॉन’ हा पॉलिग्लायकोलिक आम्लाचा टाका आणि १९७४ साली ‘व्हिक्रिल’ हा ९० भाग ग्लायकोलाइड व १० भाग लॅक्टाइड यांचा टाका बाजारात आला. व्हिक्रिल आजही जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत रोजच्या वापरात आहे.

बहुवारिकातून औषध सावकाश सोडण्याच्या संशोधनाचा प्रवाह वेगळा होता. जुडा फोकमन यांनी १९६० च्या दशकात सिलिकोन रबराच्या नळीतून औषध झिरपते हे दाखवले. फोकमन आणि रॉबर्ट लँगर यांनी १९७६ साली प्रथिनांसारखे मोठे रेणूही घन बहुवारिकातून दीर्घकाळ सोडता येतात हे सिद्ध केले. त्यांनी वापरलेले बहुवारिक विघटनशील नव्हते. सुरक्षित ठरलेला टाक्याचा पदार्थ आणि सावकाश औषध सोडण्याची कल्पना एकत्र आली तेव्हा पीएलजीएचे सूक्ष्मगोल जन्माला आले.

सूक्ष्मगोलांची निर्मिती

पाण्यात विद्राव्य असलेले औषध पीएलजीएच्या गोळीत अडकवणे सोपे नाही, कारण पीएलजीए ज्या द्रावकांत विरघळते त्यांत असे औषध विरघळत नाही. प्रचलित पद्धतीत औषधाचे जलीय द्रावण पीएलजीएच्या डायक्लोरोमिथेनमधील द्रावणात घुसळून बारीक पायस करतात. हे पायस पुन्हा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असलेल्या भरपूर पाण्यात घुसळतात. म्हणजे पाण्यात तेलासारखे थेंब आणि त्या थेंबांच्या पोटात पुन्हा पाण्याचे थेंब अशी दुहेरी रचना होते. द्रावक उडून गेला की थेंब कडक होतात आणि पांढरी पूड मिळते. तिचे गोल सुईतून जातील इतके, साधारणतः दहा ते शंभर मायक्रोमीटर व्यासाचे, असावे लागतात. डायक्लोरोमिथेन विषारी असल्याने आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषधात त्याचा अवशेष ६०० पीपीएमपेक्षा अधिक चालत नाही.

ही कृती कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात घुसळण्याचा वेग, तापमान, द्रावक काढण्याची घाई यांत थोडा बदल झाला तरी गोलांची सच्छिद्रता बदलते आणि तिच्याबरोबर औषध सुटण्याचा वेगही. मूळ औषधाचे स्वामित्व संपूनही अशा इंजेक्शनांच्या जेनेरिक आवृत्त्या फार सावकाश येतात, याचे हे एक मोठे कारण आहे.

औषध वितरण

अमेरिकेत १९८९ साली मान्यता मिळालेले ल्युप्रोलाइडचे मासिक इंजेक्शन हे पीएलजीए सूक्ष्मगोलांचे पहिले मोठे यश होय. ल्युप्रोलाइड हे नऊ अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे. तोंडाने घेतल्यास ते पचून जाते आणि रक्तात गेल्यावर काही तासांत संपते. ते मेंदूतील अधश्चेतकातून स्रवणाऱ्या एका संप्रेरकाची नक्कल करते. हे संप्रेरक शरीरात थांबून थांबून स्रवते आणि लैंगिक संप्रेरकांच्या निर्मितीस चालना देते. त्याची नक्कल सतत उपलब्ध राहिली तर परिणाम उलटा होतो. सुरुवातीला टेस्टोस्टेरोन वाढते, परंतु दोन-चार आठवड्यांत पियुषिका ग्रंथी प्रतिसाद देणे सोडते आणि टेस्टोस्टेरोन वृषणे काढून टाकल्याच्या पातळीपर्यंत उतरते.

प्रोस्टेट ग्रंथीच्या प्रगत कर्करोगात हेच साधायचे असते. त्याआधी रुग्णापुढे मुख्यतः वृषणे शस्त्रक्रियेने काढणे, इस्ट्रोजेनसारखे संप्रेरक घेणे किंवा रोज इंजेक्शन घेणे हे पर्याय होते. जपानच्या ताकेदा कंपनीतील संशोधकांनी विकसित केलेल्या सूक्ष्मगोलांमुळे महिन्यातून एक इंजेक्शन पुरू लागले. पुढे तीन, चार व सहा महिन्यांची रूपेही आली. एंडोमेट्रिओसिस आणि मुलांमध्ये अकाली येणारे तारुण्य यांवरही हे औषध वापरले जाते. या औषधाच्या बाबतीत पीएलजीएची आम्लताही उपयोगी पडली. ल्युप्रोलाइडमधील अल्कधर्मी अमिनो आम्ले बहुवारिकाच्या आम्लटोकांना धरून राहतात आणि औषध एकदम बाहेर पडत नाही.

रिस्पेरिडोनचे उदाहरण वेगळे आहे. छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनियाच्या) अनेक रुग्णांत रोजची गोळी चुकते आणि आजार उलटतो. २००३ साली अमेरिकेत मान्य झालेले रिस्पेरिडोनचे पीएलजीए सूक्ष्मगोल दर दोन आठवड्यांनी टोचले जातात. पहिल्या इंजेक्शननंतर मात्र जवळजवळ तीन आठवडे त्यातून फारच थोडे औषध सुटते. बहुवारिक पुरेसे तुटेपर्यंत औषध आतच अडकलेले असते. म्हणून या काळात रुग्णाला तोंडाने औषध चालू ठेवावे लागते. गोळी चुकू नये म्हणून दिलेले इंजेक्शन सुरुवातीला गोळीवरच अवलंबून असावे, ही या रूपाची मोठी गैरसोय होती. पीएलजीए व औषध द्रावकात मिसळून त्वचेखाली टोचायचे आणि द्रावक पसरून गेल्यावर तेथेच त्याची घट्ट गाठ होऊ द्यायची, ही दुसरी पद्धत पुढे ल्युप्रोलाइड व रिस्पेरिडोन या दोन्ही औषधांसाठी वापरात आली.

अफू व मद्य यांच्या व्यसनावरील नॅल्ट्रेक्सोनचे मासिक इंजेक्शन २००६ साली, तर मधुमेहावरील एक्झेनाटाइडचे साप्ताहिक इंजेक्शन २०१२ साली अमेरिकेत मान्य झाले. २००९ साली मान्य झालेली डेक्सामेथासोनची कांडी ०.७ मिलिग्रॅम औषध घेऊन सुईवाटे थेट डोळ्यात सोडली जाते आणि दृष्टिपटलाची सूज कमी करते.

प्रथिने आणि लसी

लहान पेप्टाइडे आणि साधी औषधे यांच्या बाबतीत मिळालेले यश प्रथिनांच्या बाबतीत मिळाले नाही. प्रथिनाचे कार्य त्याच्या घडीवर अवलंबून असते. पायस घुसळताना द्रावक आणि पाणी यांच्या सीमेवर ही घडी उलगडू शकते. त्यातून वाचलेले प्रथिन पुढे आठवडेच्या आठवडे ओल्या, आम्लयुक्त गाभ्यात ३७ अंशांवर पडून राहते. विघटन होत असलेल्या सूक्ष्मगोलांच्या आत सामू ३ च्याही खाली गेल्याचे मोजण्यात आले आहे. मानवी वाढ संप्रेरकाचे पीएलजीए सूक्ष्मगोल जस्ताच्या साहाय्याने स्थिर करून अमेरिकेत १९९९ साली बाजारात आणले गेले. मुलांची रोजची सुई टळावी हा हेतू होता. २००४ साली ते मागे घेण्यात आले. निर्मितीचा खर्च व गुंतागुंत हे कारण देण्यात आले.

लसींच्या बाबतीत आशा आणखी मोठी होती. धनुर्वातासारख्या लसीच्या दोन-तीन मात्रा वेगवेगळ्या वेगाने विघटित होणाऱ्या गोलांत भरून एकदाच टोचल्या, तर दुर्गम भागातील बालकाला पुन्हा केंद्रावर आणावे लागणार नाही. १९९० च्या दशकात यावर पुष्कळ काम झाले, पण दुसऱ्या मात्रेची वेळ येईपर्यंत प्रतिजन शाबूत ठेवणे अवघड ठरले. २०१७ साली लँगर यांच्या गटाने पीएलजीएच्या सूक्ष्म पेल्यांत लस भरून वर झाकण सांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत भिंत तुटेपर्यंत काहीच झिरपत नाही आणि ठरल्या वेळी सारी मात्रा एकदम सुटते.

नॅनोकण

सूक्ष्मगोल टोचलेल्या जागीच राहतात. रक्तातून फिरून ठरावीक ऊतीपर्यंत पोहोचायचे तर कण शंभर-दोनशे नॅनोमीटरांचे असावे लागतात. पीएलजीएचे असे कण यकृत आणि प्लीहा यांतील भक्षक पेशी काही मिनिटांत उचलून नेतात. १९९४ साली कणांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण जोडून हा काळ वाढवता येतो असे दाखवण्यात आले. याच जातीच्या, पॉलिलॅक्टिक आम्ल व पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांच्या मायसेलांत पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगविरोधी औषध भरून दक्षिण कोरियात वापरले जाते. त्यामुळे हे औषध विरघळवण्यासाठी एरवी वापरले जाणारे आणि तीव्र ॲलर्जी घडवू शकणारे एरंडेलजन्य द्रावक टळते.

अर्बुदातील रक्तवाहिन्या गळक्या असल्याने नॅनोकण तेथे आपोआप साचतात, या १९८६ साली जपानमधून मांडल्या गेलेल्या कल्पनेवर या क्षेत्राची मोठी भिस्त होती. उंदरांत ती चांगली दिसते. २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतील प्रसिद्ध प्रयोग एकत्र तपासले असता, टोचलेल्या नॅनोकणांपैकी अर्बुदात पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. हे प्रयोगही प्राण्यांवरीलच होते. ‘औषध थेट कर्करोगापर्यंत नेणारे कण’ अशा बातम्या वाचताना हा आकडा ध्यानात ठेवणे योग्य ठरते.

जनुक वितरण

जनुकोपचारात डीएनए किंवा आरएनए पेशीच्या आत पोहोचवायचे असते. त्यासाठी विषाणूंचा वाहक म्हणून वापर सर्वाधिक परिणामकारक ठरला आहे. परंतु १९९९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका चाचणीत जेसी गेल्सिंगर या १८ वर्षांच्या तरुणाचा, ॲडिनोविषाणू-वाहकामुळे उसळलेल्या तीव्र प्रतिकार-प्रतिक्रियेने, मृत्यू झाला. त्यानंतर विषाणूरहित वाहकांच्या शोधाला अधिक निकड आली.

पीएलजीए या कामास फारसे योग्य नाही. डीएनएवर ऋण प्रभार असतो आणि पीएलजीएच्या टोकांवरही ऋण प्रभारच असतो, त्यामुळे दोघे एकमेकांना धरत नाहीत. शिवाय आम्लात डीएनएमधील प्युरीन घटक गळून पडतात. म्हणून धन प्रभार असलेली बहुवारिके वापरली जातात. त्यांच्याशी जुळून डीएनएची लांब साखळी आवळली जाते आणि पेशीत शिरू शकेल असा कण बनतो. १९९५ साली या कामासाठी पुढे आलेले पॉलिएथिलिनइमाइन प्रयोगशाळेतील पेशींत फार परिणामकारक आहे, पण ते विघटित होत नाही आणि पेशींच्या पटलांना इजा करते.

येथे पीएलजीएमधील एस्टर बंधाची कल्पना वेगळ्या रूपात उपयोगी पडली. डेव्हिड लिन आणि लँगर यांनी २००० साली पॉलि-बीटा-अमिनो एस्टर या गटाची बहुवारिके तयार केली. त्यांतील अमाइन गट डीएनएला बांधतात आणि साखळीतील एस्टर बंध पेशीत गेल्यावर तुटतात. वाहक तुटला की डीएनए मोकळे होते आणि विषारीपणाही घटतो. घटकांच्या वेगवेगळ्या जोड्या करून अशी हजारो बहुवारिके तपासली गेली.

तरीही रुग्णापर्यंत आधी पोहोचले ते लिपिडांचे नॅनोकण. २०१८ साली यकृतावर काम करणारे पॅटिसिरान हे आरएनए औषध आणि २०२० पासून कोविड-१९ च्या एमआरएनए लसी त्यांतून दिल्या गेल्या. मात्र फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना यांच्या लसींतील मुख्य लिपिडांत मुद्दाम एस्टर बंध ठेवलेले आहेत. काम झाल्यावर लिपिड शरीरात तुटून जावे हाच त्यांचा हेतू आहे.

तत्सम बहुवारिके

पीएलजीए संपूर्ण जाडीत एकाच वेळी विघटित होते. साबणाच्या वडीप्रमाणे फक्त पृष्ठभागावरून झिजणारे बहुवारिक हवे असेल, तर पाण्याशी झटकन अभिक्रिया करणारे बंध आणि पाण्याला आत येऊ न देणारी साखळी अशी जोडी लागते. पॉलिअनहायड्राइडांत ती साधते. मेंदूतील ग्लायोमा या अर्बुदासाठी १९९६ साली अमेरिकेत मान्य झालेल्या चकत्या अशा पदार्थाच्या आहेत. प्रत्येक चकतीत ७.७ मिलिग्रॅम कारमुस्टीन असते आणि अर्बुद काढल्यावर पडलेल्या पोकळीत अशा आठपर्यंत चकत्या ठेवतात. त्यामुळे रक्त-मेंदू अडथळा ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाही. उलटलेल्या अर्बुदाच्या २२२ रुग्णांवरील चाचणीत मध्यक आयुर्मान २३ आठवड्यांवरून ३१ आठवड्यांपर्यंत वाढले.

पॉलिकॅप्रोलॅक्टोन याहून सावकाश, दोन-तीन वर्षांत, जिरते. २०१२ साली मिशिगन विद्यापीठात, श्वासनलिकेची शाखा वारंवार मिटत असल्याने कृत्रिम श्वसनावर असलेल्या एका तान्ह्या बाळाला या पदार्थाची त्रिमितीय मुद्रणाने बनवलेली पन्हळीसारखी आधारनळी बसवण्यात आली. सुमारे तीन आठवड्यांनी बाळाचे कृत्रिम श्वसन थांबवता आले. बाळाची श्वासनलिका वाढून बळकट व्हावी आणि तोवर नळी नाहीशी व्हावी, अशी ही योजना होती.

हृदयाच्या रोहिणीत ठेवायच्या, पॉलि-एल-लॅक्टिक आम्लाच्या जिरणाऱ्या जाळीबाबत हा हिशेब चुकला. ‘ॲब्सॉर्ब’ या नावाची ही जाळी २०१६ साली अमेरिकेत मान्य झाली. बहुवारिक धातूपेक्षा कमजोर असल्याने तिच्या काड्या सुमारे १५० मायक्रोमीटर जाड ठेवाव्या लागल्या होत्या. धातूच्या तत्कालीन जाळ्यांच्या काड्या जवळजवळ निम्म्या जाडीच्या होत्या. २,००८ रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांनी जाळीत रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण २.३ टक्के आढळले, तर धातूच्या जाळीत ते ०.७ टक्के होते. सप्टेंबर २०१७ मध्ये विक्री थांबवण्यात आली. अधिक पातळ काड्यांची सुधारित जाळी २०२४ साली गुडघ्याखालील रोहिण्यांसाठी अमेरिकेत मान्य झाली.

साठवण आणि मान्यता

पीएलजीएचे विघटन कुपीतही सुरू होऊ शकते. हवेतील ओलावा आणि उष्णता त्याला पुरेशी असते. म्हणून सूक्ष्मगोल कोरड्या पुडीच्या रूपात, पुष्कळदा २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात आणि टोचण्याच्या अगदी आधी द्रवात मिसळतात. वाफेने निर्जंतुक केल्यास बहुवारिक तुटते. गॅमा किरणांनीही रेणुभार घटतो, त्यामुळे अनेक उत्पादने आरंभापासूनच निर्जंतुक वातावरणात बनवावी लागतात.

‘पीएलजीएला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची मान्यता आहे’ असे विधान संशोधन-लेखांतही वारंवार आढळते. ही संस्था पदार्थाला मान्यता देत नाही. विशिष्ट औषध, विशिष्ट मात्रा, शरीरातील विशिष्ट जागा आणि त्यासाठी वापरलेले विशिष्ट पीएलजीए अशा संपूर्ण उत्पादनाला ती मान्यता देते. स्नायूत सुरक्षित ठरलेले प्रमाण डोळ्यात किंवा मेंदूत सुरक्षित असेलच असे नाही, आणि नव्या उत्पादनाच्या चाचण्या प्रत्येक वेळी पुन्हा कराव्या लागतात.